प्रयोग, संहिता आणि सापडलेली ध्वनिफीत

कलावंताने ज्याला आपली कृती म्हणून कधी मान्यता दिली नाही, ते त्याच्या पश्चात कृती म्हणून प्रसिद्ध करण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? साहित्यात हा प्रश्न अप्रकाशित खर्ड्यांच्या संदर्भात उपस्थित होतो. उपजेवर उभ्या असलेल्या जॅझसंगीतात तो अधिक बिकट होतो. कारण खर्डा आणि पक्की प्रत हा भेदच तेथे संभवत नाही.

पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या चौकडीचे उदाहरण या दृष्टीने विचारार्ह आहे. १९५७ मध्ये ही चौकडी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्यासह न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट'मध्ये काही महिने वाजवीत होती. त्या वादनाची ख्याती मोठी, ध्वनिमुद्रित पुरावा मात्र अत्यल्प. २९ नोव्हेंबर १९५७ रोजी कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या त्यांच्या वादनाच्या 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ने मुद्रित केलेल्या फिती २००५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडल्या, आणि त्याच वर्षी त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. कोल्ट्रेन १९६७ मध्ये आणि मंक १९८२ मध्ये निवर्तले होते. त्यांची संमती विचारण्याची शक्यता उरली नव्हती.

खर्डा हा लेखकाचा स्वतःशी चाललेला व्यवहार असतो. वादन मात्र त्याच रात्री श्रोत्यांच्या स्वाधीन झालेले असते. तेव्हा अशा प्रसिद्धीला खाजगीपणाचा भंग म्हणता येणार नाही. उलट, फिती दडवून ठेवल्या असत्या तर दोन मोठ्या नावांच्या आख्यायिकेत झाकोळलेल्या साथीदारांवर, विशेषतः १९५९ मध्ये निधन पावलेले ड्रमवादक शॅडो विल्सन यांच्यावर, अन्याय झाला असता.

तथापि वादकाने जे दिले ते उद्या निराळे वाजवण्याची मोकळीक राखून दिलेले असते. नाट्यसमीक्षेच्या परिभाषेत बोलायचे तर, फितीमुळे एका प्रयोगाला संहितेची प्रतिष्ठा प्राप्त होते. या मुद्रिकेतच त्याचा प्रतिवादही आहे. त्या रात्री दोन प्रयोग झाले आणि 'एपिस्ट्रॉफी' ही रचना दोन्हींत वाजली. मुद्रिकेतील तिचे दुसरे रूप अपूर्ण आहे. यांपैकी प्रमाण कोणते, या प्रश्नाला उत्तर नाही, आणि ते असण्याचे कारणही नाही.

म्हणून प्रकाशकापेक्षा समीक्षकाची जबाबदारी येथे अधिक आहे. न ऐकलेल्या शेकडो रात्रींचा निवाडा एका उरलेल्या रात्रीवरून करण्याचा मोह त्याने आवरला पाहिजे. दिवंगत वादकाची संमती आता मिळणार नाही. पण मत बदलण्याचा त्याचा हक्क आपल्या ऐकण्यातून जपता येईल.