सूज उतरते तेव्हा

जन्मभर सर्जिकल वॉर्डात ड्रेसिंग करत आले, म्हणूनच असेल, पण क्रोध हा रिपू आहे हे मला कधी पुरतं पटलं नाही. वॉर्डात एक कीर्तनकार बुवा दाखल होते. मधुमेह जुना, डाव्या तळव्याला पावसाळ्यापासून चिघळलेली जखम. संध्याकाळी शेजारच्या कॉटवाल्यांना निरूपण चाले: क्रोध मुळासकट उपटा, मग शांती. एकदा पट्टी सोडता सोडता मी म्हटलं, "बुवा, शरीरातला क्रोध मुळासकट उपटला तर पाय राहायचा नाही."

शरीराचा क्रोध म्हणजे दाह. लाली, सूज, उष्णता, ठणका ही त्याची चार लक्षणं पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससने लिहून ठेवली. पुढे कित्येक शतकं दाह म्हणजेच रोग असं मानलं गेलं. १८८२ साली मेसिना इथे मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशी जमल्या होत्या; दाह हा रोग नव्हे, शरीराचा बचाव, असं त्याने त्यावरून मांडलं. १९०८ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं त्यात तो होता.

कातडी फाटली की तिथल्या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१ असे निरोप सोडतात. त्यांच्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्या सैलावतात, पाझरतात, आणि न्यूट्रोफिल पेशी बाहेर पडून जंतूंवर तुटून पडतात. आपल्याला दिसते ती सूज. स्टेरॉइडचे मोठे डोस चालू असलेल्या पेशंटची जखम पाहा. ना लाली, ना ठणका, अगदी शांत. आणि ती भरतही नाही.

मला खरं नवल वाटतं ते पुढच्या टप्प्याचं. काम झालेले न्यूट्रोफिल मरतात आणि मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्यांना गिळतात. गिळता गिळता मॅक्रोफेजची भाषाच बदलते. टीएनएफ कमी, दाह शमवणारे इंटरल्युकिन-१० आणि टीजीएफ-बीटा जास्त. जखमेत प्राणवायू कमी असतो, म्हणून व्हीईजीएफ नावाचं प्रथिनही सुटतं, आणि रक्तवाहिन्यांना त्या दिशेने कोंब फुटतात. पट्टी काढल्यावर लालभडक दाणेदार मांस दिसतं, जरा धक्का लागला तरी रक्त येतं. गॉजवरचे ते ठिपके पाहून नातेवाईक घाबरतात, मी खूश होते. म्हणजे दाह शमवायला बाहेरून कुणी साधू येत नाही. ज्यांनी तो पेटवला त्यांच्यातलेच त्याचा शेवट करतात.

बुवांच्या पायात नेमकं इथेच अडलं होतं. मधुमेहात मॅक्रोफेज पहिल्याच पवित्र्यात अडकून पडतात, टीएनएफ सुटतच राहतं, नवी वाहिनी काही येत नाही. आणि याच बुवांच्या डोळ्यांना लेझर झालेलं, कारण दृष्टिपटलावर त्याच व्हीईजीएफने नको तेवढ्या नाजूक वाहिन्या वाढवल्या होत्या. एकच माणूस, एकच रेणू. पायाला पुरत नाही, डोळ्याला सोसत नाही. कॅन्सरची गाठही अशीच वाहिन्या बोलावून घेते, हे १९७१ मध्ये जूडा फोकमनने मांडलं, तेव्हा फार थोड्यांना ते पटलं.

"मग हा रेणू सज्जन की दुर्जन?" बुवांनी विचारलं. मी म्हटलं, दोन्ही नाही. तो कुठे सुटतो आणि कधी थांबतो, एवढंच. निसर्गात पाप-पुण्य शोधणाऱ्यांनी एकदा मधुमेहाच्या वॉर्डात राउंड घ्यावा.

बुवा हरणारे नव्हते. "सिस्टर, शरीराचा राग कुणाचा अपमान लक्षात ठेवत नाही. माणसाचा ठेवतो. तेवढ्यासाठी तो रिपू."

"तुमचा पाय पावसाळ्यापासून ठेवतोय की," मी म्हटलं. ते हसले, पण त्यांचा मुद्दा अर्धा खरा होता. पेशी कुणाला क्षमा करत नाही; तिला संत बनवायची मला हौस नाही. तरी रागाबद्दल विचारायचा प्रश्न मी तिच्याकडूनच घेतला: तो आला का, हा नव्हे, काम झाल्यावर त्याला संपता येतं का, हा. सहा रिपूंच्या यादीत हा प्रश्नच नाही, ही माझी तक्रार आहे.

बुवांची जखम शेवटी भरली: साखर आटोक्यात आली, मेलेलं मांस काढलं, पायावरचा भार कमी केला. पण भरलेल्या जागेची ताकद मूळ कातडीच्या फार तर ८० टक्के होते. म्हणून मधुमेह असलेल्या सगळ्यांना सांगते, रोज रात्री तळवे आरशात पाहा, आणि देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी जाऊ नका. जाड मोजे घातले म्हणून कुठला देव रागवायचा नाही.