जे नाही, त्याविषयी खरे बोलणे

जे अस्तित्वातच नाही, त्याविषयी केलेले विधान खरे असू शकते काय? उर्दू लिपीतल्या नुक्त्याला शाई लागते. भूमितीतल्या नुक्त्याला मात्र लांबी नाही, रुंदीही नाही. तो कुणी पाहिला? तरीही त्याविषयीचे सिद्धांत आम्ही मुलांना खरे म्हणूनच शिकवतो. ही लबाडी तर नव्हे?

अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात दीर्घकाळ तत्त्वज्ञान शिकवणारे जोडी अझूनी या प्रश्नाला थेट भिडतात. ते गणिताचे तत्त्वचिंतक आहेत, शिवाय कथा आणि कविताही लिहितात. क्वाइन यांनी १९४८ साली मांडलेल्या विचारातून असा निष्कर्ष निघत होता की, विज्ञानाचे संख्यांवाचून चालत नसेल तर संख्यांचे अस्तित्व मानावेच लागेल. १९८० मध्ये हार्ट्री फील्ड यांनी उलट वाट धरली आणि संख्यांवाचून भौतिकशास्त्र मांडून पाहिले. अझूनींनी २००४ च्या ग्रंथात तिसरी वाट दाखवली. ‘मूळ संख्या अनंत आहेत’ हे विधान खरेच आहे. पण त्यातल्या ‘आहेत’ या शब्दाने संख्या अस्तित्वात येत नाहीत. आपल्या मनावर आणि भाषेवर जे अवलंबून नाही, तेच अस्तित्वात असते. २०१० च्या पुस्तकात त्यांनी संख्या, भास आणि कथेतील पात्रे यांचा एकत्र विचार केला.

मग गणितात कुणीही काहीही म्हणावे काय? नाही. तिथे सिद्धता लागते, आणि ती कुणाच्या लहरीवर चालत नाही.

आम्हाला या विचारात एक नैतिक धडा दिसतो. वर्गाची सरासरी ५३.४ आली, तर तेवढे गुण मिळालेला एकही मुलगा वर्गात नसतो. आकडा खरा असतो. ‘सरासरी विद्यार्थी’ मात्र कुठेच नसतो. वर्तमानपत्रांत अधूनमधून भेटणारा ‘सर्वसाधारण मुसलमान’ही असाच. त्याच्याविषयीची आकडेवारी खरी असेलही. पण त्या आकड्यालाच माणूस समजून शेजारच्या हाडामांसाच्या माणसाची पारख केली, की असत्य सुरू होते. आपणही इतरांविषयी तेच करत असतो.

कथाकार नसलेल्या माणसाची गोष्ट सांगतो म्हणून तो खोटारडा ठरत नाही. ती गोष्ट आहे, हे तो लपवत नाही. खोटे बोलतो तो, जो नसलेल्या माणसाला खऱ्या माणसाच्या जागी उभे करतो.