रुमालातली पोथी

भक्तजनहो, ग्रंथालयात मुलांना जुनं हस्तलिखित वाचायला शिकवताना मी आधी पिवळा डाग दाखवतो. लेखनिकाचं अक्षर चुकलं की तो त्यावर हरताळ लावी आणि शुद्ध अक्षर लिही. चूक मान्य करून सुधारायची ही रीत!

दत्तभक्त जनार्दनस्वामींचे शिष्य नाथमहाराज. त्यांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. श्रद्धा होती, म्हणूनच तपासलं.

आजोबांची पोथी मात्र मी वर्षानुवर्षं रुमालात बांधून नुसती पुजली. उघडली तेव्हा कसर लागलेली. निम्मी अक्षरं गेली होती. या चुकीवर कुठला हरताळ लावू?

म्हणून विनवतो, या दत्तजयंतीला घरची पोथी उघडा, वाचा, नातवंडांना दाखवा. जीर्ण झाली तरी नदीत सोडू नका, ग्रंथालयात द्या.

श्रीगुरुदेव दत्त!