देव दमतो का?

आषाढीच्या आठवड्यात तिसरीला विशेषणं शिकवायची, तर विठोबाच बरा. फळ्यावर लिहिलं, ‘विठोबा विटेवर उभा आहे.’ मुलांकडून ‘काळा’, ‘मोठा’, ‘छान’ आलं. (‘छान’ मी पुसतेच.) एकीने लिहिलं, ‘दमलेला विठोबा गार विटेवर उभा आहे.’

शेजारच्या वर्गातल्या बाई म्हणाल्या, “देवाला दमलेला कसं म्हणायचं?”

देवाचं वर्णन करता येतं का, हा वाद जुनाच. बृहदारण्यक उपनिषदातला याज्ञवल्क्य आत्म्याचं प्रत्येक वर्णन नाकारतो. विष्णुसहस्रनाम हजार नावं घेतं. मला यात भांडण दिसत नाही. एक नाव पुरलं असतं, तर हजार कशाला लागली असती? ‘दयाळू’ मुलं ऐकून लिहितात. हिने ‘दमलेला’ लिहिलं ते कमरेवरचे हात बघून. भाकऱ्या आटोपल्या की आजी अशीच उभी राहते म्हणे.