विचारलं होतं का तिला?

वधू-वर सूचक ग्रुपवर फिरणारा एखादा बायोडेटा नीट वाचून बघा. वर गणपतीचं चित्र. खाली मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, नाडी, गण, उंची, रक्तगट, शिक्षण, कंपनीचं नाव, वार्षिक पगार, वडिलांचा हुद्दा, मामाचं आडनाव आणि गाव, घरचा पत्ता, दोन मोबाइल नंबर. शेवटी एक साडीतला आणि एक ड्रेसमधला फोटो. बँकेतून बोलतोय असं सांगणाऱ्याने जन्मतारीख विचारली तर फोन आपटणारे वडील हे सगळं स्वतःच्या हाताने तीन मंडळांच्या ग्रुपवर टाकतात. एका व्हॉट्सॲप ग्रुपात १०२४ माणसं मावतात. त्यातली कोणी आत्याला पाठवतं, आत्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकते. मुलीचं लग्न होतं, तिचं मूल बालवाडीत जायला लागतं, तरी सोलापूरहून कुणाचा तरी फोन येतो: 'स्थळ अजून आहे का?'

ऑनलाइन माहितीबद्दल बोलायचं म्हटलं की आपल्याकडे गाडी लगेच ओटीपी, लिंक आणि लुटले गेलेले निवृत्त शिक्षक यांच्याकडे वळते. तो इशारा योग्यच आहे आणि सायबर पोलिस तो रोज देतात, म्हणून मी त्यात भर घालत नाही. मला सलतं ते वेगळंच. आपण समाजमाध्यमांवर जे वाटत सुटतो त्यातला मोठा हिस्सा आपला नसतोच. तो घरातल्या, नात्यातल्या, हाताखालच्या दुसऱ्या कुणाचा तरी असतो. आणि ज्यांना न विचारता तो वाटला जातो ती माणसं जवळजवळ नेहमी आपल्यापेक्षा खालच्या पायरीवर उभी असतात: मूल, मुलगी, सून, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, मोलकरीण, मदत घेणारा. साहेबाचा फोटो टाकण्याआधी आपण दहादा विचार करतो.

केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण २०१८ साली गाजलं तेव्हा एक आकडा आपण फारसा मनावर घेतला नाही. फेसबुकनेच दिलेल्या माहितीनुसार ज्या प्रश्नावलीच्या ॲपमधून माहिती बाहेर गेली, ते भारतात फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं. माहिती मात्र ५ लाख ६२ हजारांहून अधिक भारतीयांची गेली असण्याची शक्यता होती. हे बाकीचे लोक कुणाच्या ना कुणाच्या मित्रयादीत होते, एवढाच त्यांचा संबंध. ॲपला 'हो' म्हणणारे दुसरेच होते. त्या कंपनीला शिव्या द्याव्यात तेवढ्या थोड्या, पण दुसऱ्याच्या वतीने परस्पर 'हो' म्हणून टाकण्याची रीत आपल्या घरात तिच्याही आधीपासून आहे.

आयसीयूतल्या आजोबांचा फोटो घ्या. हा माणूस आयुष्यभर पाहुण्यांसमोर सदरा घातल्याशिवाय आला नाही. दात काढून ठेवलेले असले तर नातवालाही तोंड दाखवत नसे. आता त्याच्या नाकात नळी आहे, तोंड उघडं आहे, चादर सरकलेली आहे आणि खाली लिहिलंय, 'बाबांसाठी प्रार्थना करा.' टाकणाऱ्या मुलाचं प्रेम खोटं नाही, तो खरोखर घाबरलेला असतो. म्हणूनच त्याला हे कोणी सांगत नाही की प्रार्थनेला फोटो लागत नाही. नावही पुरतं.

मदतीच्या फोटोंबद्दल तर लिहायलाही लाज वाटते. २०२०च्या टाळेबंदीत शिधा वाटला गेला तेव्हाचे फोटो आठवा. पाच किलो आट्याच्या एका पिशवीला सहा हात लागलेले, देणारे सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, आणि घेणाऱ्या बाईला 'ताई, जरा इकडे बघा' म्हणून थांबवून ठेवलंय. ती नाही म्हणू शकत होती का? पिशवी अजून देणाऱ्याच्या हातात होती. देणगीदारांना हिशेब दाखवावा लागतो, हे संस्थांचं म्हणणं मला समजतं. हिशेबाला पावती असते, याद्या असतात. त्या बाईची मुलगी ज्या शाळेत जाते तिथल्या पालकांच्या ग्रुपवर तो फोटो पोहोचायला फारसा वेळ लागत नाही.

'आपल्याकडे कसलं आलंय खासगीपण? हे पाश्चात्त्यांचं खूळ. चाळीत सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं,' असं म्हणणारे भेटतात. चाळीचे गोडवे गाणारी ही मंडळी बहुतेक पुरुष असतात, हे मी सहज नोंदवून ठेवतो. चाळीत जिचं पत्र शेजाऱ्याने फोडलं, जिच्या जिन्यातल्या चार वाक्यांची बातमी वडिलांपर्यंत गेली, तिला विचारा चाळ कशी होती ते. पण गोडवे खरे धरले तरी चाळीतलं ठाऊक असणं दोन्ही बाजूंनी होतं. मला तुमचं माहीत, तुम्हाला माझं. शिवाय लोक विसरत, चाळ सोडून जात, मरत. ग्रुपवरच्या हजार माणसांतल्या नऊशे जणांची तुम्हाला तोंडओळखही नसते, आणि तिथे टाकलेलं कुणाच्या फोनमध्ये किती वर्षं पडून राहील हे सांगता येत नाही.

खरी गोम अशी की आपल्याकडे अब्रू असायची ती घराची. घरातल्या एकट्या माणसाला स्वतःचं असं काही नसे. 'ही आमच्या घरातली गोष्ट आहे' हे वाक्य सुधारणेच्या विरोधात किती वेळा वापरलं गेलं ते आठवावं. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जायला रखमाबाईंनी नकार दिला तेव्हा खटला मुंबई हायकोर्टात उभा राहिला, आणि १८८७ साली कोर्टाने नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असं फर्मावलं. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. चारच वर्षांनी, १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावरून टिळक आणि आगरकर समोरासमोर उभे ठाकले तेव्हाही परक्या सरकारने आमच्या घरात का शिरावं, हाच सूर मोठा होता. मुलीच्या शरीराबद्दल मुलीला काय वाटतं, हा प्रश्न त्या गदारोळात फार थोड्यांना सुचला.

सव्वाशे वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या निकालातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे हा हक्क माणसाला चिकटलेला आहे. घराला, कुळाला किंवा कर्त्या पुरुषाला दिलेला नाही. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. पण एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो लागू होत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती कंपन्यांनी वापरायची तर संमती द्यायची आईवडिलांनी. म्हणजे लेकराच्या वाढदिवसाचे, रडण्याचे, शी-शूचे व्हिडिओ जे टाकतात तेच त्याचे राखणदार. कायदा इथे उंबऱ्याबाहेर थांबतो, आणि आत कुणी कुणाला विचारायचं हे आपल्यावर सोडून देतो.

नुसती संवेदनशीलता म्हणून कुणी हे झटकू नये. आपल्या देशात माहिती बाहेर पडल्यावर जिवावर उठणारे पुष्कळदा आपलेच असतात. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर आधी नोटीस लागते, आणि तीस दिवस कुणालाही हरकत घेता येते. केरळात या नोटिसा सरकारी वेबसाइटवर टाकत. दोन धर्मांच्या जोडप्यांच्या नोटिसा नाव, पत्ता, फोटोसकट काढून समाजमाध्यमांवर फिरवल्या जाऊ लागल्या, तेव्हा २०२० साली त्या वेबसाइटवर टाकणं सरकारने बंद केलं. मूळ कागद सरकारी होता, गुप्त काहीच नव्हतं. तो कुणाच्या हाती, कुठल्या ओळीखाली पडला, यावर सगळं बदललं. 'लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला?' हा प्रश्न त्या जोडप्यांपुढे जाऊन विचारण्याची हिंमत मला तरी नाही.

म्हणून सुरुवात वधू-वर मंडळांपासूनच व्हावी, असं माझं म्हणणं आहे. समाजमंदिर बांधणाऱ्या, गुणगौरव सोहळे करणाऱ्या या संस्थांना नियम करायची सवय असते. बायोडेटावर मुलीची किंवा मुलाची स्वतःची सही हवी आणि संपर्काला त्यांचा स्वतःचा नंबर. पत्ता, पगार आणि फोटो ग्रुपवर येऊ नयेत, दोन्हीकडून होकाराची चिन्हं दिसल्यावर त्यांनी एकमेकांना द्यावेत. लग्न ठरलं की मंडळाच्या चिटणीसाने ग्रुपवर तसं कळवून आधीचं काढून टाकायला सांगावं. मुलगी नको म्हणाली, तर तिचा कागद निघणारच नाही. बऱ्याच घरांना खरी अडचण इथेच वाटणार, हे मी जाणून आहे.

'मग स्थळं यायची कशी?' असं चिटणीस विचारतील. ती येतच होती. पत्रिका पोस्टाने एका घरी जाई, सोबत फोटो असे, आणि पत्राच्या तळाशी लिहिलेलं असे: योग जुळत नसल्यास फोटो परत करावा. लोक करतही. जे घर महिनोन्‌महिने फोटो दाबून बसे त्याच्याबद्दल नात्यात बरं बोललं जात नसे, आणि पुढचं स्थळ पाठवताना लोक त्या घराचं नाव यादीतून वगळत.