विटेवर थांबलेला



पुंडलिकाची कथा आपण कीर्तनात अनेकदा ऐकली आहे. तो आईवडिलांचे पाय चेपत असताना देव दारी आला. पुंडलिकाने वीट पुढे टाकली आणि म्हणाला, हातातले काम होईपर्यंत यावर उभा राहा. सेवेचा महिमा म्हणून ही कथा सांगतात, आणि आपले सारे लक्ष पुंडलिकाकडे असते. मीही ती तशीच ऐकत आलो. गेल्या दोन वर्षांत मात्र मला या कथेतल्या दुसऱ्याकडे, थांबून राहिलेल्याकडे, नीट पाहावे लागले. ते कसे घडले ते सांगतो.

मी नाशिकच्या सातपूर भागात राहतो. तिथल्याच एका कारखान्यात नोकरी झाली. निवृत्तीनंतर आम्ही दोघे दरवर्षी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरीला चालत जायचो. दोन वर्षांपूर्वी, कार्तिकातल्या एका रात्री, पत्नीच्या उजव्या हाताला मुंग्या आल्या आणि जीभ जड झाली. मी म्हटले, पित्त असेल. हाताला तेल चोळले, पांघरूण घातले आणि झोप म्हणून सांगितले. सकाळी तिचे उजवे अंग हलत नव्हते, तोंड वाकडे झाले होते आणि शब्द फुटत नव्हता.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, हे सुरू किती वाजता झाले? मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आमचे नऊ तास गेले होते. म्हणून इथेच सांगून ठेवतो. घरात कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, एक हात गळाला किंवा बोलणे अडखळले, तर तेलाची बाटली शोधू नका. १०८ ला फोन करा आणि घड्याळ पाहून ठेवा.

तिला घरी आणले तेव्हा मी मनाशी ठरवले की आता हिला काडीही उचलू द्यायची नाही. भरवणे, वेणी घालणे, गुंड्या लावणे, डोळे पुसणे, सगळे मीच. तिने पाण्याकडे पाहिले की पेला तिच्या ओठाशी लागलेला असे. ती काही बोलायला तोंड उघडी, तेवढ्यात मी तिचे वाक्य पुरे करी. शेजारी म्हणत, बायकोची इतकी सेवा करणारा पुरुष पाहिला नाही. असेच वर्षानुवर्षे करणाऱ्या बायकांना कोणी असे म्हणत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. मला ते ऐकायला बरे वाटे.

तिसऱ्या महिन्यात एक दिवस तिने डाव्या हाताने भाताची वाटी ढकलून दिली. वाटी भिंतीवर आदळली. मला वाटले, आजारपणाचा राग आहे. या आजारात माणूस विनाकारण रडतो, चिडतो, उदास होतो, हे डॉक्टरांनी सांगितलेच होते. पण व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "काका, काकूंचा उजवा हात तुम्हीच झालात. मग त्यांचा हात कशाला हलेल?"

तिने समजावले ते असे. मेंदूचा एक भाग मेला तरी शेजारचे भाग ते काम थोडेफार शिकू शकतात, पण शिकण्यासाठी काम समोर यावे लागते. अवयव वापरलाच नाही तर मेंदूला त्याच्यावाचून चालवायची सवय होते, आणि जो हात थोडा हलला असता तोही पडून राहतो. एडवर्ड टॉब या अमेरिकी शास्त्रज्ञाने यावर एक उपचार काढला. ज्यांच्या दुबळ्या हातात थोडी तरी हालचाल उरली आहे, त्यांचा चांगला हात दिवसाचे बरेच तास मोज्यात अडकवून ठेवायचा आणि दुबळ्याकडून काम करवून घ्यायचे. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो. त्यातले तीन महिने मी माझ्या सेवेत घालवले होते.

त्या रात्री मी स्वतःला विचारले, ही सेवा मी कोणासाठी करत होतो? उत्तर अवघड नव्हते. कार्तिकातल्या त्या नऊ तासांचे ओझे माझ्या छातीवर होते. तिला भरवलेला प्रत्येक घास मी त्या हिशेबात जमा करत होतो. तिचा हात हलतो की नाही, यापेक्षा माझे मन हलके होते की नाही याकडे माझे लक्ष होते.

पुंडलिकाचेही तसेच झाले असेल का? परंपरा सांगते की आधी त्याने आईवडिलांना फार छळले आणि पुढे कुक्कुटस्वामींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. म्हणजे त्याच्याही सेवेच्या मुळाशी पश्चात्ताप होता. पश्चात्तापातून सेवा सुरू झाली तर त्यात वाईट काही नाही. पण तिचे पुढचे पाऊल समोरच्याच्या गरजेकडे पाहून पडावे लागते. ज्याची सेवा करतो त्याला काय हवे आहे, हे विसरून चालत नाही. माझ्या पत्नीला तिचा हात परत हवा होता आणि मी तिला माझा हात देत होतो.

तेव्हा मला विटेवरचा पांडुरंग आठवला. ज्याला सारे करता येते तो कमरेवर हात ठेवून उभा आहे. पुंडलिकाचे काम त्याने एका क्षणात उरकून दिले असते. त्याने ते केले नाही. तो थांबला, आणि परंपरेच्या मोजणीने अठ्ठावीस युगे थांबलेला आहे. तो निघूनही गेला नाही आणि मध्येही पडला नाही. घरात रुग्ण असलेल्या माणसाला यापेक्षा वेगळे काय शिकायचे असते?

कोणी म्हणेल, हे आळसाला शास्त्राचा आधार देणे झाले. शंका रास्त आहे. नुसते न करणे म्हणजे थांबणे नव्हे. रक्तदाबाची गोळी मीच वेळेवर देतो. तिला ताठ बसवल्याशिवाय घास घेऊ देत नाही, कारण गिळण्यात चूक झाली तर अन्न श्वासनलिकेत जाते. उठवताना दुबळा हात ओढत नाही, त्याने खांदा निखळतो. न्हाणीघरात मी दाराशी उभा असतो. पण तिने ब्लाऊजची गुंडी लावायला घेतली की मी हात मागे घेतो. पहिल्या दिवशी एका गुंडीला अकरा मिनिटे लागली. भरवायला मला कधी इतके कष्ट पडले नव्हते, तेवढे ती अकरा मिनिटे गप्प उभे राहायला पडले. मला समजलेला नियम एवढाच: तिला जे येत नाही ते करावे, आणि जे लवकर येत नाही त्यासाठी थांबावे. या दोहोंतला फरक रोज बदलतो, म्हणून रोज नव्याने पाहावे लागते.

बोलण्याचेही तेच. "पाणी" हा शब्द तिला येईना, माझे नाव येईना. संध्याकाळी मी एकटाच टाळ घेऊन हरिपाठाला बसे. एकदा टाळाच्या ठेक्यावर मागून "रामकृष्णहरी" ऐकू आले, स्पष्ट, सुरात. मी वळून पाहिले तर ती डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून होती. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना याचे आश्चर्य वाटले नाही. त्या म्हणाल्या, बोलणे बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूने चालते, पण सूर आणि पाठ असलेले शब्द यांत उजव्या बाजूचाही वाटा असतो. १९७३ साली बोस्टनमधल्या तज्ज्ञांनी यावरूनच सुरात बोलायला शिकवण्याची पद्धत मांडली. त्यानंतर आम्ही "पाणी दे" हेही टाळावर म्हणू लागलो. चाळीस वर्षांच्या नामस्मरणाने तिच्यासाठी एक वाट राखून ठेवली होती. ती वाट मला इतके दिवस दिसली नाही, कारण तिच्या वाटचे मीच बोलत होतो.

यंदाच्या ज्येष्ठात पालखी सातपूरवरून जाणार होती. पत्नी म्हणाली, "चालत." मी रिक्षा म्हणणार होतो, ते गिळले. दारापासून त्र्यंबक रस्त्यापर्यंतचे अंतर मी पाच मिनिटांत जातो. तिला काठी टेकत, थांबत, चाळीस मिनिटे लागली. आम्ही पोहोचलो तेव्हा पालखी पुढे गेली होती. शेवटच्या दिंडीतले मागे राहिलेले चार-सहा वारकरी चालले होते आणि टाळांचा आवाज नाशिकच्या दिशेने लांब जात होता.

मला वाईट वाटले. तिला वाटलेले दिसले नाही. तिने काठी माझ्या हातात दिली, डाव्या हाताने उजवा हात उचलून छातीशी आणला आणि रस्त्याला नमस्कार केला. मग काठीसाठी हात पुढे केला. परतीची चाळीस मिनिटे अजून बाकी होती.