मोजणाऱ्याचा हात

ओढ्यात माणसाने सोडलेल्या माशांच्या प्रकृतीची विचारपूस कोणासाठी करावयाची? माशांसाठी, की गळ टाकून बसणाऱ्यांसाठी? प्रश्न क्षुल्लक भासेल. आम्हांस तो तसा वाटत नाही.

अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या मॅडिसन नदीत पैदास केंद्रात वाढविलेले ट्राउट मासे सोडले जात. हेतू चांगला होता. नदी भरलेली राहावी, कोणी रिकाम्या हाताने परतू नये. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्याचे मत्स्यशास्त्रज्ञ डिक व्हिन्सेंट यांनी तेथील मासे मोजावयास घेतले. पाण्यात वीजप्रवाह सोडून मासे गुंगवावयाचे, लांबी व वजन टिपावयाचे, पराचा कोपरा कापून सोडून द्यावयाचे आणि काही दिवसांनी पुन्हा पकडावयाचे. दुसऱ्या खेपेस शंभरात दहा खुणेचे आढळले, तर पाण्यातील एकूण मासे खूण केलेल्यांच्या सुमारे दहापट. लांबीच्या मानाने वजन कमी भरले, तर मासा खंगला आहे असे समजावे.

या हिशेबाने दात्यालाच पेचात टाकले. जेथे मासे सोडणे थांबविले, तेथे नदीतच जन्मलेले ट्राउट वाढले. ओ'डेल ओढ्यात नव्याने सोडले, तेथे ते घटले. १९७४ साली मोंटानाने अशा स्वयंपूर्ण ओढ्या-नद्यांत मासे सोडणे बंद केले. आपल्या औदार्याविरुद्धचा पुरावा आपणच गोळा करावयाचा आणि तो मानावयाचा, हे सोपे नव्हे.

पण हात आखडला म्हणून जबाबदारी संपली काय? नदीत जन्मलेले हे मासेही मूळचे तेथले नव्हतेच. तपकिरी ट्राउट युरोपचा, इंद्रधनुषी ट्राउट पॅसिफिककडचा. माणसाने आणले म्हणूनच ते तेथे आहेत. त्यांच्यामागून युरोपातला एक सूक्ष्म परजीवीही अमेरिकेत पोहोचला. चिखलातील ट्युबिफेक्स किड्यात वाढून तो पिलांच्या कोवळ्या कूर्चेवर जगतो. पिलू स्वतःभोवती गरगरत राहते. १९९४ साली हा रोग मॅडिसनमध्ये आढळला. नदीच्या वरच्या भागातील इंद्रधनुषी ट्राउट सुमारे ९० टक्क्यांनी घटले होते. जुने आकडे जपलेले नसते, तर किती गमावले हे कोणास कळले असते?

आणखी एक गोष्ट मनास टोचते. विजेच्या धक्क्याने काही माशांच्या कण्यास इजा होते. म्हणजे विचारपूसही वेदनेवाचून होत नाही. उत्तर ऐकून घेण्याची तयारी नसलेल्याने ती वेदना द्यावी कशाला? रोग आल्यावर पिले ओतून आकडा भरून काढण्याचा मोह सहज झाला असता. मोंटानाने जुनी प्रथा परत आणली नाही. मोजणी मात्र चालू ठेविली.